पंखा तर फिरून राह्यला

हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलं. नवऱ्याच्या तोंडून ऐकलं, सासऱ्यांच्या तोंडून ऐकलं, आणि मिस्त्रीच्या तोंडून तर इतक्या वेळा ऐकलं की आजही कुणी ते तीन-चार शब्द तसे जोडून बोललं की माझं टाळकं सटकतं. गाडी रस्त्यात उकळायची, बोनेट उघडायचं, दोन-तीन माणसं आत डोकी घालायची आणि कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "पंखा तर फिरून राह्यला, मंग हे गरम काऊन होते?" आणि मी मागं उभी राहून पदरानं वारा घ्यायची. मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या पंख्यापायी माझी आणि माझ्या बाबाची शेवटची भेट चुकली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझा आवाज चढला तर कुणी म्हणू नये की गाडीच्या पंख्यावर ही बाई एवढी काय भडकते.

माझं माहेर हिंगणघाटचं, म्हणजे गाव सोडून वेणा नदीच्या काठावर. बाबाचं भाजीचं वावर होतं. वांगी, भेंडी, हिवाळ्यात मेथी-पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. विहिरीवर विजेची मोटर. वादळ-वारा झाला की लाइन जायची, मग खांबावर चढून कुणीतरी ती जोडून जायचा, आणि बरेचदा दोन तारांची अदलाबदल करून जायचा. मोटर मग चालू तर व्हायची, आवाज तोच, घरघर तीच, पण पाईपातून पाणी नाही. शेजारचे लोक अशा वेळी विहिरीत वाकून पाहत बसायचे, पाईप वर ओढायचे, दोन दोन दिवस घालवायचे. बाबा मोटरकडं पाहायचाच नाही. तो सरळ पाईपाच्या तोंडाशी जायचा आणि हात धरायचा. पाणी नाही म्हटल्यावर, "उलटी फिरून राह्यली," एवढंच बोलायचा. मग मेन बंद करायचा, खिळ्यावरची पक्कड घ्यायचा, दोन तारा इकडच्या तिकडं करायचा. पाणी धो-धो.

मी पंधरा वर्षांची असताना हे काम पहिल्यांदा माझ्या हातानं केलं. बाबा बांधावर बसून बिडी ओढत होता. मी त्याला ओरडून सांगितलं, "बाबा, मोटर फिरून राह्यली पण!" तो तिथूनच म्हणाला, "फिरते का म्हून कोनं इचारलं तुले? पानी येते का, ते सांग." त्या पकडीच्या मुठीला त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. ती पक्कड मला माझ्या शाळेच्या दप्तरापेक्षा जास्त ओळखीची होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं लग्न सिंदी रेल्वे नावाच्या गावात झालं. कापसाचे व्यापारी, भरलं घर, दारात बैलगाड्यांची रांग. भाजीवाल्याच्या घरातून अशा घरात सून जाते म्हणून आमच्याकडं सगळे हरखून गेले होते. पाठवणीच्या वेळी बाबानं मला बाजूला घेतलं. त्याला रडता येत नव्हतं, म्हणून तो रागावल्यासारखं बोलला. "माय, तिथलं इथं आनजो नको. त्या घरची गोष्ट त्या घरात ठेवजो. माझ्या कानावर काही आलं नाई पाह्यजे." आमच्याकडं प्रत्येक बाप हे सांगतो, आणि प्रत्येक पोरगी ते पाळते. मी फारच मन लावून पाळलं. आज वाटतं, चुलीत घालायला पाहिजे होतं ते.

सासऱ्यांना नवरा बाबूजी म्हणायचा आणि मी मामाजी, आमच्याकडं तसंच म्हणतात. त्यांनी काही वर्षांनी एक जुनी, पांढरी, लहानशी गाडी घेतली. आमच्या गल्लीतली ती पहिलीच. दारात आली तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. चालवायला नवरा. जाऊन जाऊन ती जायची कुठं? दुकान, बाजार, स्टेशन, देऊळ. पायी गेलं तर लवकर पोहोचावं एवढ्या अंतरावर आमची गाडी दिमाखात जायची. पण मामाजींचा त्या गाडीत जीव होता. कुणी घरी आलं की बोलता बोलता ते आधी गाडीवरची धूळ पुसायचे.

एका एप्रिलात रेल्वेच्या फाटकात मालगाडीची वाट पाहत उभी असताना ती उकळली. सगळ्या गावासमोर वाफ. मिस्त्रीनं पाहून सांगितलं की पाणी तापलं की पंखा आपोआप सुरू करणारं एक बटन असतं, ते मेलं. नवं नागपूरहून आणावं लागेल. मग स्वतःच म्हणाला, "कायले नागपूर? डायरेक्ट करून देतो." आमच्याकडं तेव्हा सगळ्यांच्याच गाड्यांचे पंखे असे डायरेक्ट. इतकं ऊन, इतकी धूळ, बटनाच्या भरवशावर कोण राहील! मिस्त्रीनं पंख्याच्या तारा कापल्या, नव्या जोडल्या, काळी टेप गुंडाळली, आणि घरातल्या दिव्याला असतं तसलं पांढरं बटन स्टिअरिंगखाली ठोकून दिलं. दाबलं की पंखा सुरू. मामाजींनी चार वेळा दाबून पाहिलं आणि चारही वेळा हसले.

आंब्याचे दिवस होते. त्याच आठवड्यात आम्ही हिंगणघाटला निघालो. मी किती महिन्यांनी माहेरी जात होते, नवी साडी नेसले होते, कैरीचं लोणचं घेतलं होतं. हायवेला लागून थोडं पुढं गेलं की रस्त्याच्या कडेला बाभळींची रांग आहे. तिथं पोहोचेपर्यंत गाडीचा काटा लाल रेषेला टेकला. थांबलो. बोनेट उघडलं. पंखा फिरून राह्यला. तासभर बसलो, पाणी टाकलं, आणि नवऱ्यानं गाडी परत सिंदीकडं वळवली. "पुढं जाणं रिस्क आहे," म्हणाला.

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तेच, त्याच बाभळींपाशी. दर वेळी मिस्त्री काहीतरी नवीन करायचा. आधी रेडिएटर उतरवून साफ केला. मग पाण्याचा पंप बदलला. मग पाणी अडवणारा एक वॉल असतो तो काढूनच टाकला, म्हणाला, "थंड देशातल्या लोकांसाठी आहे हे, आपल्याले काय काम?" प्रत्येक वेळी आपल्या दुकानासमोर गाडी अर्धा अर्धा तास चालू ठेवून दाखवायचा. काटा मधोमध. "पाहा बरं! आता बिनधास्त चंद्रपूरपर्यंत जा." गावात फिरताना ती कधी उकळली नाही. उकळायची ती फक्त लांब जाताना, आणि लांब म्हणजे माझं माहेर. दुसरीकडं लांब कुठं जात होतो आम्ही?

मग घरात गंमत सुरू झाली. "गाडीले हिचं माहेर मानवत नाई," आत्याबाई म्हणायच्या. नवरा म्हणायचा, "हिनं नुसतं हिंगणघाट म्हटलं की काटा वर चढते." पाहुणे आले की पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे हसायचे. पहिल्यांदा मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. दहाव्यांदा नाही आलं. अंगाची नुसती लाही व्हायची, आणि ताटं वाढायला मीच.

त्या हिवाळ्यातली गोष्ट. कापसाचा हंगाम, घरभर, अंगणभर, कपड्यांवर, केसांत रुई. नवरा गाडी चालू करून काहीतरी आणायला आत गेला होता. मी गाडीसमोरून तुळशीकडं चालले होते, आणि पायांना एकदम गरम वारा लागला. समोरून. जाळीतून बाहेर. माझ्या पदराला रुईचा एक पुंजका चिकटला होता, तो उडून तुळशीच्या पलीकडं गेला. मी थबकले. दुसरा पुंजका बोटांत धरून जाळीसमोर नेला. तोही माझ्या तोंडाकडं उडाला.

पंख्यानं बाहेरचा वारा आत ओढायचा असतो, एवढं कळायला शाळा लागत नाही. तो गरम पाण्याच्या जाळीसाठी असतो आणि मागं इंजिन तापलेलं असतं. हा पंखा इंजिनाची झळ घेऊन बाहेर फेकत होता. गाडी उभी असली की उलटासुलटा का होईना, काहीतरी वारा हलायचा, म्हणून दुकानासमोर काटा शहाण्यासारखा मधोमध. पण गाडी रस्त्याला लागली की समोरून येणारा वारा आणि आतून येणारा वारा दारात समोरासमोर अडलेल्या दोन माणसांसारखे, ना हा आत ना तो बाहेर. तारा जोडताना मिस्त्रीनं अदलाबदल केली होती. बस्स, एवढंच. बाबाच्या विहिरीवरची मोटर.

मला इतका आनंद झाला की काय सांगू! संध्याकाळी मिस्त्री हिशेबाचं काही बोलायला घरी आला होता, मामाजी आणि नवरा ओसरीवर बसले होते. मी चहा ठेवला आणि म्हटलं, "पंखा उलटा फिरून राह्यला वाटते. तारा बदलून पाहा ना." हळूच म्हटलं, चहाचा ट्रे हातात धरून, जमिनीकडं पाहत.

मिस्त्रीनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. "वैनी, पंखा काय, फिरला म्हणजे फिरला. पंख्याले का उलटं-सुलटं असते?" नवरा म्हणाला, "तू आपलं चहाचं पाह्य." आणि मामाजी, जे एरवी मला कधी वाकडं बोलले नाहीत, ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "भाजीवाल्याची पोरगी आता मिस्त्रीले शिकवून राह्यली!" हसण्याचा गदारोळ झाला. मिस्त्रीच्या तर नाकातून चहा आला. आणि मी काय केलं? मीही हसले. त्यांच्याबरोबर, पदर तोंडाला लावून. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला आजतागायत माफ केलेलं नाही.

एसटीनं जाते म्हटलं तर मामाजींचं एकच, "घरी गाडी उभी अन् सून एसटीत? लोक तोंडात शेण घालतील." म्हणजे गाडी नेत नव्हती आणि गाडी होती म्हणून एसटीही नाही. भैताडपणाचा कळस! दीड वर्ष मी माहेरी गेले नाही. शेवटी बाबाच आला. एसटीनं, खांद्यावर वांग्यांचं पोतं घेऊन. ओसरीच्या काठावर बसला, आत यायला लाजत होता. चहा घेतला. मग अंगणात जाऊन त्यानं गाडीच्या बोनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "मस्त आहे गाडी," म्हणाला. "मंग येत काऊन नाई तू?"

आता सांगा. तो माणूस तिथं उभा होता. त्याच्या हाताखाली, टिनाच्या पत्र्याखाली, त्या दोन तारा होत्या. मी एवढंच म्हणायचं होतं की बाबा, पंखा उलटा फिरून राह्यला, कोणी ऐकत नाई माझं. पाच मिनिटांचं काम होतं, चहा थंड व्हायच्या आत झालं असतं. पण इथलं तिथं न्यायचं नव्हतं ना! त्यानंच सांगितलं होतं. मागं ओसरीवर मामाजी बसले होते. मी म्हटलं, "घरात लय काम असते बाबा." तो म्हणाला, "हाव, मोठं घर आहे." आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जाताना म्हणाला, "सवड काढून येजो."

पुढच्या मार्चात दुकानावर सकाळी फोन आला. मोबाइल तेव्हा आमच्याकडं नव्हते. भाऊ त्याच्या शेजारच्या किराणा दुकानातून बोलत होता. "बाबाचं आता जमत नाई. डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. निरा तुहंच नाव घेऊन राह्यला. लवकर येजो." मी आहे त्या साडीवर चपला घातल्या. थोड्या वेळात एसटी होती. मी अंगणाच्या फाटकापर्यंत पोहोचले होते, मामाजींनी मागून हाक मारली. "अवं, थांब! अशा वेळी एसटीत लोंबकळत जाशीन का तू? अरे, गाडी काढ!" त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणूनच मला परत फिरावं लागलं. मायेला नाही कसं म्हणतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मिस्त्रीनं चारच दिवसांपूर्वी आणखी काहीतरी बदललं होतं. नवरा म्हणाला, "आता काही होत नाई, त्यानं छातीवर हात ठेवून सांगतलं." बाभळींपाशी काटा लाल रेषेवर गेला.

नवऱ्यानं बोनेट उघडलं. वाफेचा लोट आला. त्यानं आत डोकं घातलं आणि पुन्हा तेच म्हणाला, पंखा तर. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, "तारा बदला. हात जोडते, तेवढ्या दोन तारा बदला." तो माझ्यावर खेकसला, "बाप तिथं मरून राह्यला अन् तुले मिस्त्रीगिरी सुचते? चूप बस!" तोही घाबरला होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. मग तो पाण्याची कॅन घेऊन जवळच्या गावाकडं गेला. म्हणाला, तिथून फोनही करतो, उशीर होते म्हणून कळवतो.

तो गेला आणि मी राहिले. अर्धा तास, कदाचित जास्तच. बोनेट उघडं, इंजिन बंद, आणि समोर काळ्या टेपचे दोन गोळे. पक्कड नव्हती, पण टेप नखानं निघाली असती, तारा बोटांनी पिळल्या असत्या. मला येत होतं ते. पंधराव्या वर्षी येत होतं. मी हात पुढं नेला. आणि मागं घेतला. मनात एकच आलं, काही जळलं तर म्हणतील हिनं हात लावला म्हणून बिघडली. पुढची वीस वर्षं पाहुण्यांना तेच सांगतील. बाप तिकडं माझं नाव घेत होता आणि मी इकडं पाहुणे काय हसतील याचा विचार करत होते. सासरला शिव्या देते मी, बिनदिक्कत देते, पण हा अर्धा तास सासरचा नव्हता. हा माझा होता. तेवढ्यात एक एसटी भरधाव निघून गेली. मी हात केला तोपर्यंत ती पुढं गेलेली होती.

नवरा आला, पाणी टाकलं, "सांगतलं तुया भावाले, गाडी गरम झाली म्हून," म्हणाला. गाडी चालू झाली. थोडं पुढं जाऊन पुन्हा काटा वर. पुन्हा थांबलो. "पंधरा मिनिटं," तो म्हणाला. मी पंधरा मिनिटं बसले. मग पुन्हा पंधरा मिनिटं. नागपूरहून भाजी टाकून रिकामा परतणारा एक टेम्पो दिसला, तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. नवरा ओरडला, "अवं, लोक काय म्हणतीन!" मी मागं पाहिलं नाही. कांद्याच्या सालींत बसून, मोठ्या घरची सून हिंगणघाटला पोहोचली.

अंगणात माणसं उभी होती. मला पाहिल्यावर बायांनी सूर काढला, तेव्हाच कळलं. बाबाला जमिनीवर घेतलं होतं. भाऊ म्हणाला, "आताच. अर्धा तास झाला असन." मी बाबाच्या हाताला हात लावला. अजून पूर्ण थंड पडला नव्हता.

नवरा दुपार टळल्यावर रडतखडत गाडी घेऊन आला, खांदा द्यायला पोहोचला. गाडी आमच्या कडुलिंबाखाली उभी राहिली आणि तेरवीपर्यंत तिथंच होती.

बाबा जिथं गेला तिथं दिवा ठेवला होता. आमच्याकडं तो काही दिवस विझू देत नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी त्याच्यासाठी कापसाच्या वाती वळत बसले होते, भाऊ शेजारी होता. मी विचारलं, "काही बोलला का बाबा?"

"तुहं नाव," भाऊ म्हणाला. मग वळलेली वात उचलत, "अन् तो फोन आला ना, तवा म्या त्याले सांगतलं, गाडी गरम झाली रस्त्यात, येऊन राह्यली. त मले इचारे, उभी असली की होते का चालली की होते? म्या म्हटलं, मले काय माईत. मंग म्हणे, पंखा पाह्य म्हना. वारा कोन्या आंगानं टाकते, पाह्य म्हना. दोनदा म्हणे. मले वाटलं वात झाला, बरळून राह्यला. म्या म्हटलं, चूप पडून राह्य बाबा."

मी उठले. खिळ्यावर पक्कड होती, ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. कडुलिंबाखाली जाऊन मी बोनेट उघडलं. कुणाला विचारलं नाही. टेप सोडली, दोन तारा इकडच्या तिकडं केल्या, पिळल्या, टेप परत गुंडाळली. चावी फिरवली, पांढरं बटन दाबलं, समोर आले. हातात दिव्याच्या वातीतला कापूस राहिला होता. त्यातला एक पुंजका जाळीसमोर धरला आणि सोडला. तो सरळ जाळीकडं ओढला गेला आणि तिला चिकटून बसला.

पाच मिनिटंही लागली नाहीत. मी तिथंच मातीत बसले आणि छाती पिटून रडले. त्या दिवशी रडले नव्हते तेवढी रडले. घरातून बाया धावत आल्या, मला धरून आत नेलं. त्यांना वाटलं, बापासाठी रडते. बरोबरच होतं त्यांचं.

तेरवी झाली आणि आम्ही निघालो. बाभळी आल्या. बाभळी गेल्या. काटा मधोमध. नवऱ्यानं दोनदा काट्याकडं पाहिलं, मग खुशीत स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "पाह्य! शेवटी मिस्त्रीनं पकडलंच." मी म्हटलं, "तारा मी बदलल्या. उलट्याच होत्या." त्यानं बोटं वाजवणं थांबवलं. सिंदीचं फाटक दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "घरी सांगजो नको. बाबूजीले वाईट वाटंन. त्यायनंच तुले त्या दिवशी परत बोलावलं होतं."

म्हणजे पुन्हा तेच. इथलं तिथं नको, तिथलं इथं नको. मी किती घरांची गुपितं पोटात घालून फिरायची होती, कोण जाणे.

मामाजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आम्ही उतरलो, तर त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं. "त्रास नाई न देल्ला रस्त्यात?" नवरा तोंड उघडणार होता. मी त्याच्या आधी बोलले. या वेळी ट्रे हातात नव्हता आणि मी जमिनीकडं पाहत नव्हते. "नाई देल्ला, मामाजी. पंख्याच्या दोन तारा उलट्या होत्या. माझ्या बाबानं मरता मरता खाटेवरून सांगतलं, अन् म्या बदलल्या."

मामाजी खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी गाडीच्या बोनेटवर हात ठेवला, बाबानं ठेवला होता तिथंच जवळपास. ते वाईट माणूस नव्हते, मी आधीही सांगितलं. अगदी मनापासून त्यांनी मला विचारलं, "मंग पोरी, तवाच काऊन नाई सांगतलं तू?"

सांगितलं होतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. आठवावं तरी काय त्यांनी? चहाच्या वेळी सून काहीतरी पुटपुटली, सगळे हसले, आणि सगळ्यांबरोबर सूनही हसली.